किटमधली उरलेली वायर

पुण्यातल्या नाना पेठेत गाडीचं सामान घ्यायला गेलं की सिक्युरिटी अलार्मचं किट सहज हाती लागतं. खोक्यात एक काळी डबी, सायरन, दोन रिमोट, लुकलुकणारा लाल दिवा, शॉक सेन्सर आणि वायरींचा जुडगा. तास-दीड तासात बसवूनही मिळतं. पुढे काही वर्षं आसपासच्या चार इमारतींना त्या गाडीचा आवाज पाठ होतो. असा अलार्म घ्यावा का, घेतला तर कसा बसवावा, बसवल्यावर कसा वापरावा, यावर दोन टोकांची मतं माझ्या कानावर सारखी येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. म्हणून इथे ती समोरासमोर बसवली आहेत. मावशी जनरल इन्शुरन्समध्ये मोटार क्लेमच्या खात्यातून निवृत्त झालेली, भाचा ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघंही कल्पित, पण त्यांचं बोलणं त्या त्या कामातलं. वादाला कारण मावशीची 2002 सालची मारुती 800. साधी लोखंडी चावी, पेठेतल्या जुन्या इमारतीला पार्किंग नाही, म्हणून रात्रभर रस्त्यावर उभी.

भाचा : मावशी, शनिवारी गाडी दुकानावर आण. अलार्म बसवून देतो.

मावशी : कशाला? आमच्या गल्लीत चार गाड्यांना अलार्म आहेत. रात्री दोनला त्यातला एखादा ठणाणा करायला लागतो आणि लोक काय करतात माहीत आहे? खिडक्या लावून घेतात. कुणी खाली उतरत नाही, कुणी 112 ला फोन करत नाही. तळमजल्यावर तान्हं बाळ आहे. ते दचकून उठतं आणि त्याची आई तासभर त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते. तो आवाज नक्की कुणासाठी असतो, सांग मला.

भाचा : चोरासाठी. त्याला घाई असते आणि लपायचं असतं.

मावशी : त्या आवाजाकडे कुणी बघत नाही, हे चोराला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. क्लेमच्या फायली मी वर्षानुवर्षं वाचल्या. गाडी चोरीला गेली, अलार्म होता, असं कितीतरी जबाबांत असायचं. अलार्म वाजला म्हणून शेजारी धावले आणि गाडी वाचली, असा कागद माझ्या टेबलावर यायचाच नाही.

भाचा : वाचलेल्या गाडीचा क्लेम तुझ्याकडे कशाला येईल, मावशी?

मावशी : हे बरोबर बोललास. वाचलेल्या गाड्या मला दिसल्याच नाहीत, मान्य. पण रोज रात्री विनाकारण वाजणाऱ्या तर दिसतात ना? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. तुझा सायरन किती?

भाचा : शंभराच्या वर. जवळ उभं राहवत नाही इतका, आणि तसाच हवा. पण तो कधी वाजावा हे बसवणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या गल्लीतले चारही अलार्म निष्काळजीपणे बसवलेत. शॉक सेन्सर म्हणजे बोटभर लांबीची डबी. तिच्यावर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून ती किती हळवी ठेवायची ते ठरतं. बरेच फिटर तो स्क्रू आला तसा सोडतात आणि डबी डॅशबोर्डखाली प्लास्टिकला चिकटपट्टीने डकवतात. उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, पट्टी सुटते, डबी वायरीला लोंबत राहते. मग शेजारून बुलेट गेली तरी बोंब.

मावशी : आणि तू काय वेगळं करतोस?

भाचा : डबी स्टिअरिंगखालच्या लोखंडी पट्टीला टायने आवळतो. स्क्रू अगदी कमीवर आणतो. दारं लावून अलार्म चालू करतो, अर्धा मिनिट थांबतो, कारण बऱ्याच किटमध्ये सेन्सर जागा व्हायला तेवढा वेळ लागतो. मग काचेच्या कडेला तळहाताने थाप मारतो. नाही वाजला तर स्क्रू थोडासा फिरवायचा, परत दार लावायचं, परत थांबायचं, परत थाप. गाडी नुसती हलवली तर गप्प आणि जोरात थाप मारली तर वाजला, की तिथे हात थांबवायचा. एवढं करायला वीस मिनिटं जातात. गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं, फिटरला मागची गाडी दिसत असते. ही वीस मिनिटं कुणी देत नाही.

खोट्या बोंबांची आणखी दोन कारणं भाचा सांगतो आणि ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने ऐकावीत अशी आहेत. दाराच्या चौकटीत दिवा लावणारा छोटा खटका असतो. अलार्मला दार उघडल्याचं कळतं ते त्याच्यामुळेच. पावसाळ्यात तो गंजतो, कधी जोडतो, कधी सोडतो, आणि बंद दार अलार्मला उघडं वाटायला लागतं. दुसरं कारण बॅटरी. ती उतरत आली की काही डब्या व्होल्टेज घसरल्याला छेडछाड समजतात. म्हणजे रात्री पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या गाडीचा मालक बहुधा बेपर्वा नसतो. त्याला पन्नास-शंभर रुपयांचा खटका बदलायचा आहे, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

मावशी : समजा, तू देवासारखा बसवलास. तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. गाडी पळवू द्यायची नाही, हे काम आवाजाचं नाही. ते काम इमोबिलायझरचं. चावीत चिप, चावीच्या खटक्याभोवती वेटोळं, आणि चिपचा कोड जुळला नाही तर इंजिनचा कॉम्प्युटर इंजिन चालूच देत नाही. काच फोडा, वायरी जोडा, गाडी जागची हलत नाही. आणि आवाज शून्य. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात 2001 पासून, कॅनडात 2007 पासून. अमेरिकेने सक्ती केली नाही, आणि काय झालं ते तू वाचलंस ना?

भाचा : ह्युंदाई आणि कियाचं?

मावशी : हो. तिथे त्यांच्या काही वर्षांच्या स्वस्त मॉडेलांना इमोबिलायझर नव्हता. पोरांनी स्टिअरिंगखालचं कव्हर काढायचं आणि यूएसबी केबलचं टोक घालून खटका फिरवायचा, असे व्हिडिओ पसरले. माणसं मेली त्या गाड्यांच्या अपघातांत. शेजारच्या कॅनडात इमोबिलायझरची सक्ती होती, तिथे ही साथ तशी पसरली नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा?

भाचा : पुढचंही सांग की. 2023 च्या फेब्रुवारीत कंपन्यांनी सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दिलं. त्यात दोन गोष्टी होत्या. चावी खटक्यात असल्याशिवाय गाडी चालू होणार नाही, ही एक. आणि अलार्म तीस सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल, ही दुसरी. आवाज फुकट असता तर तो दुप्पट वेळ कशाला केला असता?

मावशी : त्यातलं कशाने काम केलं?

भाचा : तिथल्या विमा कंपन्यांच्या अभ्यासात त्या गाड्यांच्या चोरीचे क्लेम निम्म्याहून खाली आले. दोन्ही एकत्रच दिलं होतं, त्यामुळे वेगळं काढून सांगता येणार नाही. माझ्या मते मोठा वाटा पहिल्या गोष्टीचा. पण दुसरी त्यांनी वगळली नाही, हेही खरं.

मावशी : न्यूयॉर्कमध्ये तर गाडीचा अलार्म तीन मिनिटांच्या आत आपोआप बंद झालाच पाहिजे, असा नियम करावा लागला. लोक एवढे कावले होते.

भाचा : तो नियम मला आवडतो. तीन मिनिटांत कुणी आलं नाही तर तीस मिनिटांतही येणार नाही. पण मावशी, तू फक्त अख्खी गाडी जाण्याचं बोलतेस. मला रोज भेटतात ते काच फुटलेले लोक. सीटवर ठेवलेली लॅपटॉपची बॅग गेली, डेक गेला, टायर गेले. ईको व्हॅनचे सायलेन्सर कापून नेण्याच्या टोळ्या पकडल्याचं पेपरात येत होतं ना? सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियमसाठी. तुझा इमोबिलायझर तिथे काय करणार? इंजिन बंदच ठेवेल, आणि चोर बॅग घेऊन चालायला लागेल.

मावशी : बॅगेचं दुःख मला माहीत आहे. लोक टेबलासमोर बसून रडायचे, कारण गाडीच्या पॉलिसीत गाडीतल्या खासगी वस्तू धरलेल्या नसतात, हे त्यांना तिथे येऊन कळायचं. काच मिळते, लॅपटॉप मिळत नाही. म्हणून मी तेव्हाही सांगायचे, बॅग डिकीत टाका, आणि तीही गाडी उभी करायच्या आधी टाका. गाडी लावून, सगळ्यांदेखत डिकी उघडून बॅग ठेवू नका.

भाचा : हे मी पाटीवर लिहून दुकानात लावतो.

मावशी : आणि गिऱ्हाइकाला तू विम्यात सूट मिळेल म्हणून अलार्म विकतोस का?

भाचा : मी नाही. काही जण विकतात.

मावशी : मग त्यांना सांग, सूट आहे, पण कशी ते नीट सांगा. जुन्या टॅरिफपासून चालत आलेला नियम असा, की यंत्र एआरएआयने, म्हणजे आपल्या पुण्यातल्याच संस्थेने, मान्य केलेलं हवं आणि ते बसवल्याचा दाखला ऑटोमोबाईल असोसिएशनचा हवा. मग ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर, अडीच टक्के, आणि तेही जास्तीत जास्त 500 रुपये. नाक्यावर घेतलेल्या बिननावाच्या किटला यातलं काही लागू होत नाही. याउलट ज्यावर क्लेम अडतो ते फार साधं असतं. गाडी गेली की लगेच पोलिसांत एफआयआर, लगेच कंपनीला कळवणं. मग कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक चावी हरवली असेल तर ती तेव्हाच लेखी नोंदवलेली बरी. आणि दुधाची पिशवी घ्यायला उतरताना चावी गाडीतच राहिली असेल, तर वाजवी काळजी घेतली नाही म्हणून वाद सुरू होतो. तिथे अलार्म असून उपयोग नाही, कारण चालू गाडीला कोण अलार्म लावतं?

इथे दोघांच्याही बाजू लंगड्या पडतात अशी एक जागा आहे, आणि ती भाच्याने आपणहून दाखवली, याचं मला बरं वाटतं. खिशातून चावी न काढता उघडणाऱ्या गाड्यांत गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर चावीला हाक देते आणि चावी उत्तर देते. दोन चोर दोन पेट्या घेऊन उभे राहतात, एक गाडीपाशी, एक घराच्या दारापाशी. हाक आणि उत्तर लांबवर पोचवलं जातं, गाडीला वाटतं मालक आला. दार उघडतं, अलार्म स्वतःहून बंद होतो, इमोबिलायझरही चिप ओळखल्याच्या समाधानात इंजिन सोडतो. जर्मनीतल्या एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेने 2016 मध्ये हा प्रयोग केला आणि चोवीस गाड्या उघडल्या. अशा गाडीवाल्याने चावी दारालगतच्या खुंटीवर टांगू नये, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी आणि डबा एकदा गाडीशेजारी नेऊन तपासावा. चावी डब्यात असताना दार उघडलं तर डबा बदलावा. दोन्ही प्रकारचं इलेक्ट्रॉनिक्स फसवलं गेल्यावर उरतं ते लोखंड, म्हणजे स्टिअरिंगला किंवा गिअरला लावायचं जुनं कुलूप.

मावशी : माझ्या 800 ला यातलं काहीच लागू नाही. तिला चिप नाही, कॉम्प्युटरला विचारून चालू होणंही नाही. म्हणून म्हणते, मला आवाज नको, न चालू होणं हवं.

भाचा : आणि ते तुला याच किटमध्ये मिळतं. हेच मला केव्हाचं सांगायचं होतं. त्या जुडग्यात एक वायर असते, इंजिन कटची. तिच्यावर रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, लावायचा. अलार्म चालू असताना रिले स्टार्टरची वायर तोडून ठेवतो, चावी फिरवली तरी स्टार्टर फिरत नाही. दहापैकी आठ गाड्यांत मी ती वायर टेप गुंडाळून डॅशबोर्डखाली कोंबलेली बघतो.

मावशी : का? पैसे घेऊनही?

भाचा : तिला वेळ लागतो. खटक्याखाली हात घालून नेमकी वायर शोधायची, टेस्टरने तपासायची, कापायची, सोल्डर करायची, वर हीट श्रिंक चढवायचं. सायरन लगेच वाजून दाखवता येतो, गिऱ्हाईक खूश होतं. ही वायर जोडली आहे की नाही, ते गिऱ्हाइकाला कळतही नाही.

मावशी : म्हणजे जे गाडी वाचवतं ते टेपखाली, आणि जे बाळाला उठवतं ते बॉनेटखाली.

भाचा : बऱ्याच ठिकाणी, हो.

मावशी : मग सायरन काढून टाक आणि तेवढी वायर जोड.

भाचा : ऐक. ती वायर मी स्टार्टरवरच जोडणार, इग्निशनवर किंवा पेट्रोल पंपावर नाही. स्वस्त रिले कधीतरी दगा देतो. इग्निशनवर असेल तर खंबाटकी घाटात, मागे ट्रक असताना, इंजिन बंद पडेल. स्टार्टरवर असेल तर फार तर सकाळी गाडी चालू होणार नाही. पण त्याची किंमत अशी, की तुझी 800 धक्का मारून चालू होते. खटका फोडला, उतार मिळाला, दोन माणसं असली, की गेली. शांतपणे केलं तर पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांवर सायरन हवा. दार उघडलं की वाजला, तर धक्का मारत गाडी गल्लीतून न्यायची हिंमत कोण करेल?

मावशीने यावर थोडा विचार केला असता, असं मला वाटतं. किट विकत घेताना आपण सायरन विकत घेतो, आणि बसवून घेताना सायरनच ऐकून घेतो. माझं मत मी लपवत नाही. बिनचिपच्या जुन्या गाडीला अलार्म बसवून घ्यायचा असेल, तर फिटरला पैसे देण्याआधी आत बसा, अलार्म लावा, चावी फिरवा आणि स्टार्टर गप्प राहतो का ते बघा. तो फिरला तर काम अर्धं झालेलं आहे.

मावशी : बॅटरीचं काय? मी आठवड्यातून एकदा गाडी काढते.

भाचा : बरं झालं विचारलंस. अलार्म सतत थोडी वीज खातो. वीस मिलिअँपिअर धर. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. तुझी बॅटरी 35 ची. नवी असेल तर महिनाभर उभ्या गाडीत ती जवळजवळ निम्म्यावर येईल, आणि निम्म्यावर आलेली जुनी बॅटरी सकाळच्या थंडीत स्टार्टर फिरवत नाही. आठवड्यातून एकदा गाडी काढतेस ती गल्लीच्या टोकापर्यंत नको, अर्धा तास चालव. आणि गावाला जाणार असशील तर अलार्म बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेव, वर स्टिअरिंगला लोखंडी कुलूप लाव.

मावशी : रिमोटच बिघडला तर?

भाचा : किटमध्ये एक लपवायचं बटण असतं. चावी लावून ते दाबलं की अलार्म झोपतो. कुठे लावलं ते मी तुला हात धरून दाखवेन आणि तूही एकदा माझ्यासमोर करून दाखवायचंस. लोकांना ते बटण आहे हेच माहीत नसतं, म्हणून रिमोटचा सेल संपला की गाडी भर रस्त्यात कोकलते आणि मालक बॉनेट उघडून सायरनच्या वायरी ओढतो.

मावशी : सायरन कुठे लावणार?

भाचा : बॉनेटखाली, मागच्या भिंतीला, एक्झॉस्टपासून लांब. तोंड खाली, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. बॉनेटलाही खटका लावणार, नाहीतर चोर बॉनेट उचलून आधी सायरनच तोडतो. वायर रबरी बूचातून आत नेणार. पत्र्याच्या कडेवरून नेली तर वर्षभरात कातरते आणि फ्यूज उडतो.

मावशी : हे सगळं ठीक. आता माझी अट ऐक. शॉक सेन्सर नको.

भाचा : मावशी, अगं, काच फोडली तर त्याशिवाय कळणार कसं?

मावशी : नाही कळलं तर नाही कळलं. माझ्या गाडीत फोडून न्यावं असं काही मी ठेवत नाही. दार उघडलं, बॉनेट उघडलं, की वाजू दे. त्या दोन गोष्टी वाऱ्याने होत नाहीत. गणपतीत आमच्या गल्लीतून ढोलपथक जातं तेव्हा काचा थरथरतात. दिवाळीत तर विचारूच नकोस. तुझ्या वीस मिनिटांचा हिशेब पहिल्या ताशाला कोलमडेल.

भाचा : त्या दिवसांपुरता सेन्सर बंद ठेवता येतो. बहुतेक रिमोटवर तशी सोय असते.

मावशी : मी ते विसरणार. तूही दहा गिऱ्हाइकांना सांग, नऊ विसरतील. आणि माझी गाडी एकदा जरी उगाच वाजली ना, तर दुसऱ्यांदा खरंच कुणी दार उघडलं तरी खालची बाळाची आई खिडकी लावून घेईल. तिने खिडकी उघडावी असं मला वाटतं.

भाचा : बरं. शॉक सेन्सर बसवतो, पण त्याचा कपलर सुटा ठेवतो. लावायचा की नाही ते तू ठरव.

मावशी : सुटाच राहू दे. आणि काचेच्या आतून एक चिठ्ठी लावू, माझा फोन नंबर लिहून. वाजली तर लोकांनी मला उठवावं.

भाचा : नंबर असा उघडा ठेवणं बरं नाही. घर क्रमांक आणि मजला लिही, गल्लीतल्यांना पुरे. आणि समोरच्या दुकानाच्या रखवालदाराला तू स्वतः जाऊन सांग, ही गाडी वाजली तर खरंच वाजली.

मावशी : शनिवारी किती वाजता आणू?

भाचा : सकाळी दहाला. दोन तास धर, दीड नाही. खटके चारही दारांचे बदलावे लागतील असं वाटतंय.